मुलाची मोटरसायकल आणि आपला फोन



आज जरा कडक लिहिणार आहे. राग आला तर आधी माझ्यावरच काढा, कारण ज्या चुकीबद्दल लिहिते आहे ती सगळ्यात आधी मी केली.

माझा मुलगा जयसिंगपूरहून शिरोली एमआयडीसीत रोज मोटरसायकलने जातो. एका बाजूचं अंतर साधारण तीस किलोमीटर. सकाळी आठला निघतो, संध्याकाळी सव्वापाचला कारखान्यातून सुटतो. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण हा सासूबाईंच्या काळापासूनचा नियम, आणि तो मोडला नाही याचा मला फार अभिमान. ज्येष्ठ-आषाढात सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा काही अडत नाही. पण मार्गशीर्षात सहाच्या आसपासच दिवस संपतो. सव्वापाचला सुटलेल्या माणसाने तीस किलोमीटर कापून, हातपाय धुऊन, सहाच्या आत पानावर बसायचं. मी पान वाढून दारात उभी राहायची आणि फोन लावायची. "कुठं आलास? हातकणंगले गेलं का? ऊन पार उतरलं बघ."

मागच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी मी असे तीन फोन केले. तिसरा उचलला तो एका अनोळखी माणसाने. तमदलगे ओलांडल्यावर उसाच्या ट्रॉलीला मागे टाकताना रस्त्यावर सांडलेल्या उसावरून गाडी घसरली होती. हेल्मेट होतं आणि पट्टा लावलेला होता म्हणून डोकं वाचलं. हेल्मेटला मात्र उभी चीर गेली. खांद्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात होता. दवाखान्यात मी त्याला विचारलं, "एवढी कशाची घाई होती रे?" तो म्हणाला, "आई, सूर्य मावळायला सात मिनिटं होती."

त्यानंतर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. शहाळी आली, केळी आली आणि सल्ले आले. सल्ल्यांचे तीन प्रकार होते. पहिला, "मोटरसायकल विकून टाका, मुलाला चारचाकी घेऊन द्या." दुसरा, "ग्रह बघून घ्या, विधान करून घ्या." तिसरा, "बघा, नियम पाळतो म्हणून थोडक्यात निभावलं." हे तिन्ही सल्ले प्रेमाने दिलेले होते आणि तिन्ही चुकीचे होते, हे मला सांगायचं आहे. एकीनेही असं विचारलं नाही की बाई, तुम्ही तीन वेळा फोन का केलात?

आधी चारचाकीचं बघू. मी बी.कॉम. झालेली बाई आहे. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षं दुकानाच्या वह्या माझ्या हाताखालून गेल्या. तर हिशेब मांडा. रोज साठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे १,५०० किलोमीटर. शंभर-एकशेदहा सीसीची मोटरसायकल लिटरला साठ किलोमीटर देते असं धरलं तर पेट्रोल लागतं २५ लिटर. छोटी चारचाकी लिटरला वीस देते असं उदारपणे धरलं तर ७५ लिटर. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये धरा. मोटरसायकलला २,५०० रुपये, चारचाकीला ७,५००. महिन्याला ५,००० चा फरक, वर्षाला ६०,००० चा. शिवाय सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता जवळपास साडेबारा हजार. विमा, टायर, सर्व्हिसिंग वेगळंच. ज्या घरात मुलाचा पगार तीस-पस्तीस हजार आहे तिथे निम्मा पगार गाडीच खाणार. मग मुलगा ओव्हरटाइम करणार आणि आणखी उशिरा घरी येणार.

आणि खरं सांगू का, चारचाकीची हौस बऱ्याचदा मुलाच्या जिवासाठी नसते. लग्नाच्या बाजारासाठी असते, अंगणात उभी दिसावी म्हणून असते. आपण परिग्रहपरिमाणाचं व्रत घेतो, सोनं किती, भांडी किती ते मोजतो. भोगोपभोगाच्या नियमात वाहनाचाही नियम घेता येतो. मग एका माणसाला कामावर न्यायला हजार किलोचं लोखंड रोज साठ किलोमीटर ओढत न्यायचं, त्याचा धूर रस्त्याकडेच्या घरांत सोडायचा, हे आपल्या कुठल्या व्रतात बसतं? एकट्या माणसाच्या रोजच्या कामाच्या जाण्यायेण्याला मोटरसायकल हे काटकसरीचं, कमी जागा घेणारं, कमी इंधन जाळणारं साधन आहे. एसटी वेळेवर असेल, कारखान्याच्या दारात सोडत असेल तर ती याहून उत्तमच. पण आमच्या मुलाला दोन गाड्या बदलून वर पाऊण तास थांबावं लागतं. तेव्हा मोटरसायकलला नावं ठेवणं बंद करा. ती घरात आहे याची लाज तर मुळीच बाळगू नका.

पण मोटरसायकलला एक गोष्ट अजिबात चालत नाही, ती म्हणजे घाई. चारचाकीत माणसाच्या भोवती पत्रा असतो, मोटरसायकलवर पत्र्याच्या जागी आपल्या लेकराची कातडी असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्यांत गेलेले ५०,०२९. मैत्रिणींनो, हा आकडा परत वाचा.

आता घाईचाही हिशेब करू. तीस किलोमीटरला ताशी ५० च्या वेगाने ३६ मिनिटं लागतात. ताशी ७० ने साधारण २६. म्हणजे जीव मुठीत धरून मिळवलेली कमाई दहा मिनिटांची. तीही मधली गावं, गतिरोधक, आडवी जाणारी म्हैस नाही असं धरून, म्हणजे प्रत्यक्षात पाचच. आणि त्यासाठी काय मोजलं? पन्नासच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते, सत्तरच्या वेगात १९. ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, त्यामुळे सत्तरला ते पन्नासच्या जवळपास दुप्पट होतं. पाच मिनिटं जमेला आणि दुप्पट अंतर नावे. असा सौदा आमच्या दुकानात कोणी केला असता तर ह्यांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता.

आणि आपल्या भागातली संध्याकाळ कशी असते ते आपल्याला माहीत आहे. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की सांगली-कोल्हापूर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर लागतात. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. सूर्य उतरला की जाताना-येताना एका बाजूला तो थेट डोळ्यांत येतो आणि दुसरीकडे सावल्या पडून खड्डा दिसत नाही. सगळ्यात वाईट उजेडाची वेळ तीच, आणि नेमक्या त्याच वेळेत आपण आपल्या मुलांना पळवतो.

आता धर्माचं बोलते, कारण खरी गाठ तिथेच आहे.

आपण रात्री का जेवत नाही? अंधारात बारीक जीव दिसत नाहीत, दिव्याकडे येतात, अन्नात पडतात, त्यांची हिंसा होते. हे आपण नातवंडांनाही शिकवतो. तर अपघातानंतर मुलाचं हेल्मेट घरी आलं तेव्हा मी त्याची काच पुसायला घेतली. त्या काचेवर चिलटं, पाकोळ्या, हिरवे किडे असे चिकटले होते की मोजता आले नाहीत. तिन्हीसांजेला जोरात चालणाऱ्या गाडीच्या दिव्यावर ते येतात आणि आदळतात. ज्या जिवांसाठी मी पान सूर्यास्ताच्या आत वाढत होते, तेच जीव माझ्या फोनमुळे त्या काचेवर मरत होते. हळू चालवली तर एकही मरत नाही असं नाही. पण पळवली तर जास्त मरतात हे समजायला पदवी लागत नाही.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्रमादाला आधी धरलं आहे. बेसावधपणा, घाई, दुर्लक्ष हे आधी, जीव जाणं नंतर. ईर्यासमितीत मुनी चार हात जमीन बघून, दिवसाच्या उजेडात, मळलेल्या वाटेने, जीव राखत पाऊल टाकतात. आपण श्रावक, आपल्याला तेवढं जमत नाही. पण त्यातला अर्थ तर घेऊ या, की दिसतं तेवढ्यातच थांबता येईल अशा चालीने चालावं. चालणाऱ्याला चार हात पुरतात. पन्नासच्या वेगात चार हात डोळ्याची पापणी लवायच्या आत मागे पडतात. मोटरसायकलवाल्याचे 'चार हात' म्हणजे ब्रेक लावून थांबायला लागेल तेवढं सगळं अंतर. तेवढा रस्ता स्वच्छ दिसत नसेल तर वेग कमी करायचा. मी याला मोटरसायकलची ईर्यासमिती म्हणते. कोणा पंडितांना पटेल न पटेल, माझ्या मुलाला पटलं.

आणि अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या आहेच. गाडी चालवणाऱ्याला विनाकारण फोन करणं यापेक्षा निरर्थक दंड कुठला? फोनला उत्तर मिळालं म्हणून आपलं पान लवकर वाढलं जात नाही. त्याचं लक्ष मात्र रस्त्यावरून उडतं. फोन हेल्मेटमध्ये कानाशी खोचून बोलणारी पोरं आपण रोज बघतो आणि "काय ही आजकालची मुलं" म्हणतो. पलीकडून कोण बोलत असतं? बहुतेक वेळा आई. नाहीतर बायको.

इथे काही जणी म्हणतील, "म्हणजे आता रात्री जेवायचं का? तुमच्या मुलाचा अपघात झाला म्हणून आम्ही व्रत सोडायचं का?"

सोडू नका. मी तर उलट म्हणते की आपण ते अर्धवट पाळत होतो. नियम काटेकोर धरला तर सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण उरकायला हवं. जो मुलगा सूर्यास्ताला तीन मिनिटं असताना धापा टाकत पानावर बसतो आणि चार घास कोंबतो, त्याने काय पाळलं? त्याने आईचं घड्याळ पाळलं. संयम घाईत पाळता येत नाही. संयमाची सोय घरातून करून द्यावी लागते आणि ती आपल्या हातात आहे.

आम्ही काय केलं ते सांगते. सकाळी दोन डबे देते. दुपारचा नेहमीचा. संध्याकाळचा वेगळा, टिकेल असा, कारण डाळ-भात-आमटीची मर्यादा संध्याकाळपर्यंत पुरत नाही. दशम्या, पुऱ्या, लाडू, शेंगदाणे, केळी, कधी भाजलेले पोहे. तो पाच वाजायच्या आत चहाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून शांतपणे जेवतो. मग गाडी काढतो. सहाला येवो की सातला, कोणी दारात उभं नसतं. घरी आल्यावर पाणीही घ्यायचं की नाही हे त्याने स्वतः घेतलेल्या नियमाप्रमाणे तो ठरवतो. ज्या दिवशी काम लांबतं आणि डबा राहतो, त्या दिवशी तो उपाशी राहतो की खातो हेही त्याचंच. व्रत त्याचं आहे, माझं नाही. हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मला करमेना. गरम भाकरी मुलाच्या पानात पडली नाही तर आई कसली, असं वाटायचं. ह्यांनी एका वाक्यात गप्प केलं, "तुला त्याला गरम वाढायचं आहे की धड बघायचं आहे?"

बाकी गोष्टी थोडक्यात सांगते, पण हलक्यात घेऊ नका.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं घ्या, आयएस ४१५१ असं त्यावर लिहिलेलं असतं. रस्त्याकडेला दोन-तीनशेला मिळतं ती टोपी आहे, हेल्मेट नव्हे. पट्टा लावला नाही तर ते डोक्याच्या आधी उडतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून बरं दिसलं तरी परत वापरू नका. "जवळच तर जायचंय" हे वाक्य घरातून हद्दपार करा. मागे बसणारीलाही कायद्याने हेल्मेट लागतं, चार वर्षांवरच्या मुलालाही. दंड हजार रुपये आहे, पण दंडासाठी घालू नका. आणि हो, हे आपल्यालाही लागू आहे. बाहुबलीला दर्शनाला जाताना आपण एका अंगाने बसतो, अंबाडा मोडेल म्हणून हेल्मेट नको म्हणतो, आणि मुलाने दिसायला बरं नाही म्हणून साडीगार्ड काढलेलं असतं. पदर चाकात गेला की काय होतं हे मी लिहीत नाही.

विम्याचा कागद स्वतः वाचा. पुष्कळ घरांत गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा. विम्यात १५ लाखांचं जे वैयक्तिक अपघात संरक्षण असतं ते मालक-चालकाचं असतं, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे आणि जो स्वतः परवाना बाळगून चालवतो त्याचं. वडिलांच्या नावच्या गाडीवर मुलगा पडला तर ते त्याला मिळत नाही. थर्ड पार्टी विमा हा समोरच्यासाठी असतो, चालवणाऱ्याच्या मोडलेल्या हाडासाठी नव्हे. गाडी मुलाच्या नावावर करून घ्या, नाहीतर त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी काढा. आमची गाडी ह्यांच्या नावावर होती. दवाखान्याचं बिल भरताना मला हे समजलं, म्हणजे वाणिज्य शाखेची पदवी भिंतीवर लावून.

महिन्यातून एकदा टायर, ब्रेक, मागचा दिवा बघायला सांगा. देवघर रोज पुसतो तशी हेल्मेटची काच रोज पुसा. धुरकट काचेतून समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो.

आणि ग्रहशांतीबद्दल एवढंच, की विधान करा, मन शांत होतं, मीही केलं. पण शनीने माझ्या मुलाला पळवलं नव्हतं. त्याला मी पळवलं होतं. दोष ग्रहांवर टाकला की आपला फोन निर्दोष सुटतो आणि उद्या परत वाजतो.

म्हणून माझी एकच मागणी आहे. सध्या महिला मंडळात आपण पर्वाला नियम घेतो, कोणी हिरवी भाजी सोडतं, कोणी गोड सोडतं. यंदा एक नियम असा घ्या, की माझा मुलगा, सून, नवरा, मुलगी गाडीवर असेल त्या वेळात मी फोन करणार नाही, आणि त्यांच्या येण्याच्या वेळेला घरातलं कुठलंही कारण लावणार नाही. ना जेवणाचं, ना आरतीचं, ना पाहुण्यांचं. हा नियम भाजी सोडण्यापेक्षा अवघड आहे. मी पाच महिने पाळते आहे, त्यात दोनदा मोडला. दोन्ही वेळा त्याने फोन उचलला नाही. घरी येऊन म्हणाला, "गाडीवर होतो." मला राग आला नाही. बरं वाटलं.

दारात उभं राहण्याची सवय अजून गेलेली नाही. फक्त हातात आता फोनऐवजी जपमाळ असते.

माझ्या लिहिण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण विचार करा.

जय जिनेंद्र.